बेळगावहून चाळीस जणांना मुंबई दाखवायची तर

गल्लीचे मंडळ, बचत गट, भिशी, निवृत्त शिक्षकांचा कट्टा. हिवाळा जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कुठल्या तरी बैठकीत "यंदा मुंबई करूया" असा विषय निघतोच. जबाबदारी बहुधा मुंबई स्वतः पाहिलेल्या, पण कुणाला कधी न दाखवलेल्या माणसाच्या गळ्यात पडते. हा लेख त्या माणसासाठी आहे. चाळीस माणसे, त्यात दहा-बारा ज्येष्ठ आणि चार-पाच मुले, शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परत, असा दौरा धरून पुढचे सगळे लिहिले आहे.

आधी थांबे मोजा, ठिकाणे नंतर

पहिल्यांदा सहल आखणारा माणूस वही उघडतो आणि ठिकाणांची यादी लिहायला घेतो. गेटवे, हाजी अली, सिद्धिविनायक, म्हातारीचा बूट, राणीची बाग, जुहू, सी लिंक... बघता बघता बारा-चौदा नावे होतात. यादी चुकीची नसते, पण मोजमाप चुकते.

एकाच दाराची बस धरा. चाळीस जण उतरायला पाच-सहा मिनिटे लागतात, कारण ज्येष्ठांना पायरी उंच पडते आणि प्रत्येकाला ऐनवेळी पिशवी आठवते. खाली जमून परतीची वेळ सांगण्यात पाच मिनिटे जातात. परत चढायला दहा. एक जण स्वच्छतागृहात, दोघे चहाच्या गाडीवर, त्यांची वाट पाहणे आणि शिरगणती धरली की काहीही न पाहता एका थांब्याला पंचवीस मिनिटे खर्च होतात. बारा थांबे म्हणजे तीनशे मिनिटे. दहा तासांच्या दिवसातले पाच तास बसच्या दारातच गेले. वाहतुकीची कोंडी यात धरलेलीच नाही.

म्हणून दिवसाला बसचे थांबे जास्तीत जास्त पाच ठेवा. एका थांब्यावर उतरून पायी दोन-तीन ठिकाणे होत असतील तर तो थांबा चांगला. फक्त फोटोसाठी उतरायचे असेल तर तो थांबा खोडा. दुसरे, दिशा एकच ठेवा. मुंबई उत्तर-दक्षिण लांब आणि रुंदीला चिंचोळी आहे. सकाळी दादरकडून सुरुवात केली की दक्षिणेकडे सरकत जायचे आणि मधूनच "राणीची बाग राहिली" म्हणून मागे फिरायचे नाही. मागे फिरलात की दीड तास गेला असे समजा.

जुहू आणि राणीची बाग दोन दिवसांच्या दौऱ्यात नकोच. मुलांचा फारच हट्ट असेल तर राणीच्या बागेला अर्धा दिवस वेगळा काढा. ती बुधवारी बंद असते.

तारीख

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून दमट उकाड्याने ज्येष्ठ मंडळी दुपारीच गळतात. जून ते सप्टेंबर विचारही करू नका.

शुक्रवारी रात्री निघण्यामागे कारण आहे. शनिवारी सकाळी मुंबईकर लोणावळा-महाबळेश्वरकडे बाहेर पडतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. घाटातली कोंडी दोन्ही वेळा समोरच्या बाजूला असते, आपली बाजू त्या मानाने मोकळी मिळते.

कॅलेंडर भिंतीवरून काढून समोर ठेवा. शनिवारी संकष्टी आली तर सिद्धिविनायकाची रांग तुमचा अख्खा दिवस खाईल. मंगळवार तर नेहमीचाच गर्दीचा, अंगारकीला त्याहून मोठी गर्दी. एकादशी आली तर निम्म्या मंडळींचा उपास आणि सगळ्या जेवणाची मांडणी बदलते. ६ डिसेंबरच्या आसपास दादरला चैत्यभूमीवर देशभरातून लोक येतात. ते दिवस अभिवादनाला येणाऱ्यांचे, त्यात सहल घुसवू नये. आपल्याकडचेही पाहा. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आगेमागे आणि साधारण डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन चालते तेव्हा हायवेवर बंदोबस्त आणि अडवणूक असते. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर अडकतात, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून बसने जायचे ठरले तरी निघण्याच्या आदल्या दिवशी रस्त्याची चौकशी करायचीच.

बस की रेल्वे

बेळगावहून मुंबई रस्त्याने सुमारे ४९० किलोमीटर. निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे, मग एक्स्प्रेसवे. थांबे धरून दहा तास पकडा. रात्रीचा प्रवास असल्याने दोन ड्रायव्हर हवेत. एकाच ड्रायव्हरवर रात्रभर गाडी आणि दिवसभर मुंबई काढणारा मालक कितीही स्वस्त सांगत असला तरी त्याची गाडी घेऊ नका.

केए २२ किंवा केए २३ पासिंगची खासगी बस महाराष्ट्रात न्यायची तर तिच्याकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना हवा, नाहीतर त्या फेरीपुरता तात्पुरता परवाना आणि कर भरल्याची पावती हवी. ॲडव्हान्स देण्याआधी परवाना, विमा आणि फिटनेस, तिन्हींचे फोटो मागून घ्या आणि मुदतीच्या तारखा स्वतः वाचा. "आहे की हो सगळं" एवढ्यावर भागवू नका. रात्री अकराला सीमेवरच्या कोगनोळीत गाडी बाजूला घ्यायला सांगितली तर मंडळी तुमच्या तोंडाकडे बघणार. वायव्य कर्नाटक परिवहनची बसही करारावर मिळते, फक्त अर्ज लवकर करावा लागतो.

पुढचा मुद्दा नवख्यांना ठाऊक नसतो. दक्षिण मुंबईत मोठ्या गाड्यांवर वेळेचे निर्बंध आहेत, आणि गेटवेसारख्या ठिकाणी बस उभी करून ठेवता येत नाही. माणसे उतरवून ती दूर न्यावी लागते आणि परत बोलवावी लागते. कुठे उतरवायचे, कुठे वळायचे, कुठे उभे राहायचे हे बेळगावच्या ड्रायव्हरला माहीत नसते, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून आपली बस मुक्कामाच्या ठिकाणी ठेवा, ड्रायव्हरना दिवसा झोपू द्या आणि शनिवारसाठी तिथलीच मुंबई दर्शनाची बस घ्या. खर्च थोडा वाढतो, पण दोन-तीन तास वाचतात आणि रात्री परतीला ड्रायव्हर ताजे असतात.

रेल्वेने जायचे तर बेळगाववरून हुबळी–दादर, चालुक्य आणि शरावती एक्स्प्रेस दादरला जातात. चालुक्य आणि शरावती रोज नाहीत. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच नावे बसतात, म्हणजे चाळीस जणांची सात तिकिटे आणि बर्थ विखुरलेले. त्यापेक्षा मंडळाच्या लेटरहेडवर यादीसह अर्ज घेऊन स्टेशनवरच्या आरक्षण कार्यालयात जा. मोठ्या गटाच्या आरक्षणाला तिथून मंजुरी घ्यावी लागते. ज्येष्ठ जास्त असतील तर रेल्वेच बरी. आडवे होऊन झोपलेले माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत चालते, बसून आलेले बाराला थकते.

पैसे

वहीत दोन रकाने करा. एकात माणसे कितीही आली तरी तेवढाच राहणारा खर्च: बसभाडे, ड्रायव्हरभत्ता, टोल, पार्किंग. दुसऱ्यात माणसामागे वाढणारा: जेवण, मुक्काम, प्रवेश तिकिटे, मेट्रो.

पहिला रकाना चाळीसने भागू नका. चाळीस नावे आली तरी लग्न, ताप, बारसे यात चार-सहा गळतात. समजा पहिल्या रकान्याची बेरीज ६०,००० झाली. चाळीसने भागले तर माणशी १,५०० येतात, चौतीसने भागले तर १,७६५. वर्गणी चौतीसच्या हिशेबाने घ्या आणि उरले तर परत करा. परत मिळालेले दोनशे रुपये सगळ्यांना गोड लागतात, रस्त्यात मागितलेले शंभर कुणालाच आवडत नाहीत. निघण्याच्या आठ दिवसांत नाव काढणाऱ्याला पहिल्या रकान्याचे पैसे परत मिळणार नाहीत, हे नाव घेतानाच सांगा आणि ग्रुपवर लिहून टाका.

माणसांची मांडणी

चाळीस जणांना एकाने सांभाळायचे हे जमत नाही. आठ-आठचे पाच गट करा, प्रत्येकाला एक गटप्रमुख द्या. नवरा-बायको, सासू-सून, मायलेक एका गटात. गटप्रमुखाने फक्त आपले सात जण मोजायचे आणि "पूर्ण" म्हणायचे. पाच वेळा "पूर्ण" ऐकू आले की बस हलली. चाळीस डोकी मोजायला लागणारा वेळ यात एका मिनिटावर येतो.

शिवाय दोन माणसे वेगळी नेमा. एक पुढे चालणारा आणि एक शेवटचा. शेवटच्या माणसाने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचे नाही, मग कुणी दुकानासमोर उभे राहो की चप्पल तुटो. या कामाला शांत डोक्याचा माणूस लागतो. उत्साही माणूस पुढे ठेवा.

ज्येष्ठांच्या आणि मुलांच्या खिशात एक कार्ड घाला. त्यावर नाव, दोन मोबाईल नंबर, मुक्कामाचा पूर्ण पत्ता आणि रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर तिचे नाव. मोबाईल आहे म्हणून कार्ड टाळू नका. मोबाईलची बॅटरी नेमकी दुपारी संपते.

सकाळी अंघोळीचा घोळ कसा होतो

बस सकाळी सहाला पोहोचली, सातला निघू, असे कार्यक्रमपत्रिकेत असते. प्रत्यक्षात नऊ वाजतात. गणित साधे आहे. चाळीस माणसे, माणशी दहा मिनिटे, बाथरूम सहा. चारशे भागिले सहा म्हणजे सदुसष्ट मिनिटे, तीही एक मिनिट वाया न घालवता. म्हणून खोल्या ठरवताना भाड्याबरोबर बाथरूम किती, गरम पाणी किती वाजता येते आणि सकाळी सहाला खोली ताब्यात मिळते का, हे तीन प्रश्न विचारा. बऱ्याच लॉजचा चेक-इन बारानंतर असतो. सहाला पोहोचून बाराला खोली मिळणार असेल तर आदल्या रात्रीचे निम्मे भाडे देऊन निदान चार खोल्या लवकर घ्या. ज्येष्ठ महिला पहिल्या, ड्रायव्हर त्यांच्याबरोबरच, मग बाकीचे.

रेल्वेने गेलात तर दादर-माटुंगा भागात मुक्काम सोयीचा. बसने गेलात तर चेंबूर किंवा वाशीकडे बस उभी करायला जागा मिळते.

शनिवार: दादर ते चौपाटी

पहिला थांबा सिद्धिविनायक. १८०१ सालचे हे मंदिर आज मोठे झाले असले तरी मूळ मूर्ती लहान आहे, दर्शन काही सेकंदांचे असते आणि रांग पुढे सरकवली जाते. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर म्हातारी माणसे हिरमुसतात. अंगभर कपडे हवेत. मोठ्या पिशव्या बसमध्येच ठेवा, सुरक्षा तपासणीत त्यांच्यामुळेच वेळ जातो. चपला बसमध्ये काढून ठेवण्यापेक्षा गटागटाने एका पिशवीत घाला.

दुसरा थांबा महालक्ष्मी आणि हाजी अली. दोन्ही एकाच थांब्यात बसतात, मधले अंतर चालत दहा मिनिटांचे. हाजी अलीला जाताना भरतीची वेळ पाहणे हे सगळ्यात महत्त्वाचे. १४३१ साली बांधल्याचे सांगतात तो हा दर्गा समुद्रात आहे आणि भरतीला वाट पाण्याखाली जाते. दिवसातून दोनदा भरती येते आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या आठवड्यात कुणी अकराला गेले होते म्हणून तुम्हीही अकराला जाल असे नाही. निघण्याच्या दिवशीच मुंबईचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठेवा आणि भरतीच्या दोन तास आधी सगळे परत काठावर असतील असे बेता. भरती सकाळी असेल तर महालक्ष्मी आधी, दर्गा नंतर. दर्ग्यात सर्व धर्मांच्या लोकांना प्रवेश आहे. डोके झाकायला प्रत्येकाने रुमाल किंवा पदर घ्यावा. २०१६च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर महिलाही आतपर्यंत जाऊ शकतात. वाटेवर ऊन थेट लागते आणि सावली नसते. गुडघे दुखणाऱ्यांनी महालक्ष्मीच्या बाजूलाच थांबावे, शेवटचा माणूस त्यांच्याजवळ.

तिसरा थांबा मलबार हिल. इथे मंडळींचे दोन भाग करा. मुले आणि त्यांच्या आया कमला नेहरू पार्कात, म्हातारीच्या बुटाजवळ. चालू शकणाऱ्यांनी बाणगंगेला जावे. बाणगंगा तलाव ११२७ सालचा, शिलाहारांच्या काळातला मानला जातो. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोडे आहे. चारही बाजूंनी दगडी पायऱ्या, मध्ये खांब, काठाला देवळे आणि मठ. गौड सारस्वतांचा कवळे मठही इथेच आहे, आणि बेळगावच्या गटात एखादे तरी सारस्वत कुटुंब असतेच. मोठी बस आतल्या गल्लीत जात नाही, वरच्या रस्त्यावर उतरून चालावे लागते. पायऱ्यांवर शेवाळ असते. तिथे पाय धुवायचा मोह ज्येष्ठांना होतो, तेव्हा हात धरायला कुणीतरी असू द्या.

चौथा, मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे राहत. घर लहान आहे, चाळीस जण एकदम मावत नाहीत. दोन गट आत, तीन बाहेर असे फिरवा. बेळगावच्या मुलांना इथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकाच अधिवेशनाचे, आणि ते डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या टिळकवाडीत भरले होते. त्या अधिवेशनाचे स्मारक असलेले वीरसौध पाहिलेल्या मुलाला मणिभवन लगेच कळते.

पाचवा, संध्याकाळी साडेपाचला गिरगाव चौपाटी. इथे दीड तास मोकळा ठेवा. दिवसभर घड्याळावर पळवलेल्या माणसांना वाळूत बसू द्या. पाण्यात कुणी उतरू नये, एवढेच बंधन.

रविवार: पायी फोर्ट

सगळ्या दौऱ्यातला हा उत्तम भाग. रविवारी सकाळी फोर्टमधली कचेऱ्यांची गर्दी नसते, फूटपाथ मोकळे असतात आणि सीएसएमटी ते गेटवे हे अडीच किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर थांबत थांबत तीन तासांत होते. बसचे थांबे शून्य.

पोहोचायला मेट्रो तीन वापरा. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. दादरला बसा, सीएसएमटीला उतरा. बॅगतपासणीला वेळ लागतो, म्हणून जमायची वेळ वीस मिनिटे अलीकडची सांगा. रविवारी लोकलवर मेगाब्लॉक असतो, त्यामुळे लोकलचा भरवसा धरू नका.

सीएसएमटी समोरून पाहायचे, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने. १८७८ ला काम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. २००४ पासून ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आहे. सगळे घुमटाकडे बघतात. तुम्ही मंडळींना आधी फाटकाच्या दोन खांबांकडे न्या. एकावर सिंह बसला आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. मग भिंतीवर नजर वर-वर सरकवायला सांगा. मोर, माकडे, पानेफुले, सगळे दगडात. मुलांना "कोण जास्त प्राणी शोधतो" म्हटले की पंधरा मिनिटे कुणी कंटाळत नाही.

तिथून दादाभाई नौरोजी मार्गाने कमानींच्या सावलीतून चाला. वाटेत पारशी अग्यारी दिसली तर बाहेरूनच पाहा. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, आणि दाराशी घोळका करून फोटो काढणेही बरे नव्हे. पुढे हुतात्मा चौक. १८६४चे फ्लोरा फाउंटन आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात गोळीबार झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९५६ ला, बेळगावात गोळ्या चालल्या. दर १७ जानेवारीला अभिवादनाला जाणाऱ्या माणसांना इथे काही समजावून सांगावे लागत नाही. फुले नेण्याची इच्छा असेल तर आदल्या संध्याकाळीच दादरच्या फुलबाजारातून घ्या, सकाळी फोर्टमध्ये शोधत बसाल.

काळा घोड्याजवळच्या गल्लीत निळ्या रंगाचे १८८४चे ज्यू प्रार्थनास्थळ आहे. आत जाऊ देतात तेव्हा ओळखपत्र मागतात, म्हणून मूळ आधार कार्ड जवळ हवे. मोठा गट असेल तर आधी विचारून घ्या. दीड-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात एवढ्या धर्मांची घरे शेजारी-शेजारी पाहायला मिळतात, म्हणूनच हा रस्ता पायी करायचा.

मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सकाळी सव्वादहाला उघडते. सगळे दालन पाहायला दिवस पुरत नाही. मूर्तिशिल्पे, लघुचित्रे आणि शस्त्रे एवढेच ठरवा, दीड तास द्या. आत शिरल्यावर वर पाहायला सांगा. घुमटाखालच्या कमानींचा नमुना आपल्या विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. गोल घुमट पाहिलेले गटात बरेच निघतात. स्वच्छतागृह इथले स्वच्छ आहे, सगळ्या महिलांना इथेच जाऊन यायला सांगा. फोर्टच्या वाटेवर दुसरीकडे अडचण होते आणि मग बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, संध्याकाळी डोके धरते. दौरा आखताना स्वच्छतागृहांच्या जागा ठिकाणांइतक्याच काळजीने लिहून ठेवा.

शेवटी गेटवे. संग्रहालय बांधणाऱ्या जॉर्ज विटेटचेच हे काम, उंची २६ मीटर, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. म्हणजे बेळगावच्या अधिवेशनाच्या जेमतेम तीन आठवडे आधी. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. आवारात शिरताना बॅगा तपासतात. फोटोवाले मागे लागतात, प्रत किती आणि पैसे किती हे फोटो काढण्याआधी ठरवा.

घारापुरीची लेणी यात बसत नाहीत. बोटीने जायला तास, यायला तास, वर सुमारे सव्वाशे पायऱ्या आणि लेणी पाहायला दोन तास. करायचीच तर रविवारचा फोर्ट सोडून सकाळी पहिल्या बोटींपैकी एक धरा. सोमवारी लेणी बंद असतात. बोटीत लाईफ जॅकेट प्रत्येकाने घालायचे, उकडते म्हणून काढायचे नाही.

जेवण

बेळगावच्या गटात लिंगायत, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण सगळे असतात आणि प्रत्येकाचे ताट थोडे वेगळे. जैन मंडळी सूर्यास्तापूर्वी जेवतात, कांदा-लसूण-बटाटा नको असतो. नाव घेतानाच विचारून वहीत खूण करा. शनिवारी चौपाटीला साडेपाचला पोहोचायचे एक कारण हेही, त्यांना सूर्यास्ताआधी जेवता येते.

शनिवारी सकाळसाठी घरून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही-मिरच्या न्या. रात्रभर टिकतात, पोटाला बाधत नाहीत. दुपारी चाळीस जण एकाच हॉटेलात एकदम शिरलात तर तासभर उभे राहाल. साडेअकराला किंवा अडीचला जा, आदल्या दिवशी फोन करून ताटांची संख्या सांगा. रविवारी दुपारी माटुंगा उत्तम. तिथल्या उडुपी खाणावळींत केळीच्या पानावर जेवण मिळते आणि गल्ल्याशी कन्नड ऐकू येते. गटातल्या कन्नड बोलणाऱ्या मंडळींना दोन दिवसांनी घरच्यासारखे वाटते. इराणी हॉटेल दाखवायचे तर धोबीतलावचे १९०४चे कयानी, पण चाळीस नव्हे, आठ-आठनेच. मुंबईत रिक्षावाल्यापासून तिकीट खिडकीपर्यंत मराठीतच सुरुवात करा. आपली बेळगावी लकब ऐकून कुणी हसले तरी हरकत नाही, काम होते.

चुकामूक झाली तर

आधीच ठरवून ठेवलेला नियम हाच उपाय. लोकल किंवा मेट्रोत काही जण चढले आणि काही फलाटावर राहिले तर चढलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच फलाटावर थांबायचे. राहिलेल्यांनी हलायचे नाही, शेवटच्या माणसाबरोबर पुढची गाडी पकडायची. दोन्ही बाजू एकमेकांना शोधायला निघाल्या की तास जातो. रस्त्यावर चुकले तर जिथे शेवटचे सगळे एकत्र होते तिथे परत यायचे. हा नियम शनिवारी सकाळी बस सुटण्याआधी प्रत्येक गटप्रमुखाकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

लोकल दाखवायची इच्छा असते, तर शनिवारी दुपारी बारा ते तीनमध्ये दोन-चार स्टेशने. सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी उपनगरांकडे जाणाऱ्या गाडीत चाळीस जणांना चढवू नका. टॅक्सीत चारच बसतात. रिक्षा माहीम-सायनच्या दक्षिणेला मिळत नाही, बोरीबंदरला रिक्षा शोधत उभे राहू नका.

परतीची डिकी

रविवारी रात्री आठपर्यंत निघा. सामान भरताना उतरण्याचा क्रम उलटा लावा. परतताना आधी कोगनोळी-निपाणीवाले उतरतात, मग संकेश्वर, हत्तरगी, मग बेळगाव आणि शेवटी खानापूर. म्हणजे खानापूरकरांच्या बॅगा सगळ्यात आत आणि निपाणीकरांच्या दाराशी. बॅगेवर गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. पहाटे चारला निपाणीच्या फाट्यावर अख्खी डिकी रस्त्यावर काढावी लागली तर मागच्या तीस जणांची झोप मोडते. उतरणाऱ्याला दहा मिनिटे आधी उठवायचे काम त्याच्या गटप्रमुखाचे. हिशेबाची वही बेळगावात उतरताना खजिनदाराच्या हातात द्या, पावत्यांसह, आणि त्याच आठवड्यात सगळ्यांना बोलावून उरलेले पैसे वाटून टाका.